दगड परत ठेवून

मालिनीची सगळी कारकीर्द माझ्याकडे आहे,
मच्छी सोसायटीच्या जुन्या पावती-पुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूंवर.
डावीकडे तारीख, उजवीकडे वेळ,
मध्ये भरती की सुकती.
घड्याळ माझ्या हातात. मी आठ वर्षांचा, ती पंधराची.

पिरावाडीतून वायंगणीच्या सड्यापर्यंत
अकरा गडगे आणि एक व्हाळ.
डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका वाटेत थांबायच्या,
"काय गो मालन्या, वाघ लागलो काय पाठी?"
"वाघ नाय, घड्याळ,"
म्हणत ती काजूच्या बागेत दिसेनाशी व्हायची,
आणि बायका माझ्याकडे बघायच्या.

गडगा म्हणजे नुसते एकावर एक ठेवलेले दगड.
चुना नाही, सिमेंट नाही.
पायाचा धक्का लागला की वरचा घरंगळतो.
मग ती थांबायची, मागे यायची,
दगड होता तसा बसवायची आणि पुन्हा पळायची.
नाहीतर तिन्हीसांजेला बाबल मुणगेकर आमच्या खळ्यात हजर.
म्हणून प्रत्येक वेळेपुढे मी लिहिलंय:
दोन दगड. एक दगड. तीन दगड, पाऊस.
एकदाच शून्य. त्याखाली दोन रेघा.

ओरोसला जिल्ह्यात दुसरी, तीन हजार मीटर, सपाट.
पुण्याला सातवी. पुढच्या वर्षी चौथी. तीही सपाट.
अडथळ्यांची शर्यत पुरुषांची होती.
ती पाण्याच्या खड्ड्याशी उकिडवी बसून बघायची,
कोण कुठे पाय टाकतो.
टेबलामागच्या साहेबांना तिने विचारलं.
त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही.
गावी आल्यावरची पहिली नोंद:
नऊ दगड. वेळ लिहिलेली नाही.

मग वेंगुर्ला, नवरा, पोस्टातली नोकरी, मुलगा.
ती पानं कोरी नाहीत,
त्यांवर माझ्या होडीच्या डिझेलचे हिशेब आहेत.

नियम बदलला तेव्हा ती एकतीसची होती.
मुलाला आईकडे टाकून आली.
म्हणाली, "घड्याळ हा मा?"

पाण्याचा खड्डा खाडीच्या उलटा असतो.
खाडी काठाला उथळ, आत खोल.
इथे फळीच्या अगदी खाली सगळ्यात खोल पाणी,
पुढे चढ, चढाच्या टोकाला जेमतेम ओल.
भिऊन जवळ उडी टाकणाराच मांडीपर्यंत भिजतो.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
तिने ते वीस वर्षांची असताना बसून पाहिलं होतं.

साडेसात फेऱ्या. पोलीस संघातल्या कुणा पोरीचे बूट,
अर्धा नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला.
पाचव्या फेरीला तिसरी.
सहाव्या फेरीत फळीला तिचा मागचा पाय घासला
आणि तिने, मी कठड्याशी उभा राहून पाहिलं,
मान वळवून मागे बघितलं,
दगड पडला का.

ती फळी पडत नाही. ती हलवायला चार माणसं लागतात.
तेवढ्यात दोघी पुढे गेल्या.

पाचवी.
परतीच्या एसटीत खारेपाटणपर्यंत मी गप्प होतो.
मग म्हणालो, "मागे कित्याक बघलंस?"
खिडकीला डोकं टेकून, डोळे न उघडता:
"आणि पडलो असतो तर?"

आता अकरांतले तीन गडगे उरलेत.
बाकी कंपाउंड झाली, वर काचा रोवलेल्या.
तिच्या गुडघ्यात पाणी होतं, ती बेड्यातून आत जाते.
या मे महिन्यात तिसऱ्यापाशी एक दगड खाली पडलेला दिसला,
शेळ्यांनी पाडला असेल.
ती वाकली. गुडघा वाजला.
दगड एकदा फिरवला, बसेना, पुन्हा फिरवला,
उलटा करून ठेवला, हलवून बघितला.
"किती?"
घड्याळ घरी होतं.
"चार सेकंद," मी म्हणालो.
"खोटां बोलतंस," ती म्हणाली
आणि दगड काढून पुन्हा बसवायला लागली.