बोली

बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला,
बोटी आंजर्ल्याच्या खाडीत जाऊन बसल्या,
लिलाव नाही, बर्फ नाही, हिशेब नाही,
म्हणून प्रणीत, तू मला दापोलीला नेलंस
लढाईचा पिक्चर दाखवायला.
आता सारखा विचारतोयस, काकी, कसा वाटला.

ऐक तर.
रक्त खोटं होतं. कोकमाचं आगळ सांडावं तसं,
तेही बर्फावर, आणि सावकाश,
एकेक थेंब फोटोला उभा राहिल्यासारखा.
सगळ्यांचे कोट नवे. बटणं जागच्या जागी.
आणि ते बोलणं!
खंदकात पडलेला तो पोरगा
असा बोलत होता, जसं काही प्रत्येक वाक्य
कुणी काटे काढून ताटात वाढलंय.
कोण खोकत नाही, कोण "काय?" म्हणत नाही,
कोण कुणाचं मध्येच तोडत नाही.
मरायला त्यानं चार मिनिटं घेतली.
मी घड्याळ बघितलं.
आमच्याकडे चार मिनिटांत
सुरमईच्या अकरा पाट्या जातात.

मागच्या रांगेतली पोरं
"बंदूक कधी काढणार रे?" म्हणत
मध्यंतरात वडापाव खायला गेली
ती आलीच नाहीत.

मी बसले.
कारण मग ते दोघे टेबलाला बसले,
मध्ये एक पूल. नकाशावरचा.
एक संत्रं सोलतोय, दुसरा त्याच्या बोटांकडे बघतोय,
आणि पुलाचं नाव कोणी काढत नाही.
आईची तब्येत. घोडे. कुठल्याशा गावातलं सूप.
तू जांभया देत होतास.
माझे तळहात ओले झाले होते.

अरे, तीस वर्षं मी दुसरं काय करते?
माशाकडे बघायचं नाही, माशाचं बोलायचं नाही.
"काय शेठ, मुलीचं जमलं का?"
आणि डोळा त्याच्या अंगठ्यावर,
पाटीच्या कडेवर तो घट्ट होतो का.
ओरडतात ते नवे.
ज्याला माल न्यायचाच असतो
त्याचा आवाज खाली येतो.
तो संत्रंवाला हळू बोलायला लागला
तेव्हाच मला कळलं, पूल गेला.
गोळी नंतर सुटली. नसती सुटली तरी चाललं असतं.

ज्यानं लिहिलंय त्याला लिलाव माहीत आहे.
लढाई माहीत आहे की नाही
ते मला कुठून कळणार?
मला माहीत असलेली लढाई एवढीच:
लखूभाऊजी सतरा वर्षांनी पलटणीतून आले,
काळी ट्रंक, एका कानाला दडे,
सगळा पाडा ओटीवर जमला,
आणि ते म्हणाले, "थंडी होती."
पुढची चोवीस वर्षं
कोणी विचारलं की तेच. थंडी होती.
आम्ही तेवढ्यावरच सौदा तोडला.
वर कोणी बोली लावलीच नाही.

तिकिटाचे एकशे चाळीस जास्त झाले.
मी ऐंशीला सोडवला असता.
पण एसटीत, तू खांद्यावर डोकं टाकून झोपलास तेव्हा,
तो पोरगा माझ्या डोक्यात अजून बोलतच होता
आणि मला त्याला गप्प करावंसं वाटेना.

काल बावटा उतरायच्या आधी
मी भाऊजींकडे गेले. जाळं सांधत होते.
समोर बसले.
गुडघ्याचं बोलले, मांजरीचं बोलले,
नायलॉन किती महागलं त्याचं.
मग हळूच म्हटलं,
"किती?"
"काय किती?"
"थंडी."

सुई थांबली.
म्हणाले, "मोजे."
म्हणाले, ओले असायचे.
आणि मग दिवे लागेपर्यंत
मोज्यांबद्दलच बोलत राहिले,
मध्येच खोकत,
मध्येच "काय म्हणत होतो मी?" असं विचारत.