रेडिओ, तीन

मापाची वही उघडली. रामातूच्या झग्याच्या मापाखाली
(खांदा एकेचाळीस, बाही अठ्ठावन्न)
रेघ मारून लिहिलं: रेडिओ, तीन.

पहिला काळा, सपाट, काचेत हिरवे आकडे.
लावाली म्हणाला, आकडा दाबा, स्टेशन हजर,
चुकायची सोयच नाही.
अठरा हजार फ्रँक.
दुसरा करडा, हातात विटेएवढा जड,
कडेला चाक, काचेमागे तांबडा काटा. साडेनऊ.
तिसऱ्याला सौर पट्टी, टॉर्च, भोंगासुद्धा,
आणि हे सगळं करून जमलंच तर रेडिओ.
सहा. घासाघीस केली तर पाच.

दुपारी तिघेही मुके.
वर पत्रा, शेजारी गिरणीचं इंजिन,
ट्यूबलाइट चिरचिरतेय.
लावालीनं खांदे उडवले: शॉर्टवेव्ह दिवसा झोपते,
दिवेलागणीला ऐकून बघा.
मी म्हटलं, कापड मी उन्हात नेऊन पाहते,
रात्री घेतलेला निळा सकाळी काळा निघतो.
हे उलटंच दिसतंय.
त्यानं तिन्ही पिशवीत घालून दिले
आणि हमी म्हणून माझी कात्री ठेवून घेतली.

झिंदरमध्ये घरं खडकांना विचारून बांधतात.
संध्याकाळच्या नमाजानंतर
बाबांना हाताला धरून बिर्नीमागच्या खडकावर नेलं.
दगडाच्या अंगात दिवसाचा ताप अजून होता.
बाबा, म्हणजे तानिमून ड्रायव्हर,
चौतीस वर्षं अगादेझ ते दिरकू,
मीठ, खजूर, माणसं.
आता दोन्ही डोळ्यांवर साय धरलीय.

पहिला लावला. बातम्या इतक्या स्वच्छ
की निवेदक शेजारी बसून कागद उलटतोय.
लिहिलं: आवाज, उत्तम.
बाबांनी काच चाचपली.
"आकडे कुठंयत?"
बोटं नुसती घसरत राहिली.

तिसऱ्यानं दोन देश एकात एक शिवून टाकले,
फ्रेंच बाजारभावात कुणाची तरी अरबी दुआ.
टाका उसवता येईना.
लिहिलं: बाद. टॉर्च चांगली.

दुसरा. चाक फिरवलं.
स्टेशन आलं, ओल्या साबणासारखं निसटलं,
धरलं, परत निसटलं.
मी चाक पुढं ढकलणार तोच बाबांनी मनगट धरलं.
"थांब. इथंच."
"इथं काही नाही, बाबा. नुसती खरखर."
"तीच."

दोन स्टेशनांमधल्या ओसाडीत काटा उभा.
बाबांनी कान टेकवला, सुईण पोटाला टेकवते तसा.
मग बोलले, चढावरच्या गाडीसारखे, दम घेत:
तेनेरेत मी बातम्या लावायचोच नाही.
ही लावून ठेवायचो.
दाट झाली, तडतडायला लागली, की ब्रेक.
क्लीनरला म्हणायचो, ताडपत्री आवळ.
आभाळ निळंशार असायचं, पोरगा हसायचा.
तासाभरात त्याच्या दातांत वाळू.

थोड्या वेळानं म्हणाले,
"पहिल्यानं हे मधलं सगळं कापून टाकलंय."

मी शिंपीण.
कापून टाकलेलं कुठं जातं, मला ठाऊक आहे.
आमच्या घरातल्या साऱ्या उशा चिंध्यांच्याच.

सकाळी लावाली गोंधळला.
अहो, तो खरखरतो, म्हणून तर स्वस्त!
मी काही बोलले नाही.
त्यानं आपणहून पाचशे उतरवले.
बॅटरीचं झाकण सैल होतं,
त्याला सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधून दिला.
कात्री परत दिली, पण धारेवर डाग होता,
कशाला वापरली कोण जाणे.

घरात आता दिवसभर खरखर.
आई कावलीय.
आज रामातू झगा न्यायला आली.
झगा तयार नव्हता. ती म्हणाली,
आणि हा रेडिओ, नवाच ना? बिघडला इतक्यात?

खाटेवरून बाबा म्हणाले,
दोरीवरचे कपडे काढा गं.

मी बाहेर पाहिलं. आभाळ निळंशार.
रामातूही पाहून हसली.

काढले.