शंभरपर्यंत मोजताना

काचपट्टीच्या धुरकट टोकावर पेन्सिलीनं लिहिलं:
लवू भिकाजी धुरी, पुरुष, त्रेपन्न.
एकोणतीस वर्षांत हे नाव तोंडानं घेतलं ते उखाण्यात,
आणि एकदा रेशनच्या खिडकीत.
आज हातानं.

हे पाणीखात्यात चावीवाले.
पहाटे पावणेचारला कुर्ल्याच्या खड्ड्यात उतरून
चौदा आटे फिरवायचे,
मग गल्लीतल्या पिंपांना कंठ फुटायचा.
मंगळवारी चावी निसटली,
व्हॉल्व्हची गंजकी कड तळव्यात घुसली.
रुमाल आवळून घरी आले.
म्हणाले, काही नाही, थोडं गळतंय.

गळतंय तर आधी मागची चावी बंद.
शीरही तेच करते, अंग आवळून घेते.
मग बिंबिका येऊन चिकटतात,
त्यांच्यावरून तंतू विणले जातात आडवेतिडवे.
रक्त थांबलं की सगळे पान उलटतात.
माझी नोकरी त्या पुढच्या पानावर.

परळला, तिसऱ्या मजल्यावर, लिशमनच्या रंगात
पांढऱ्या पेशी पांढऱ्या नसतातच, जांभळ्या असतात.
टक. न्यूट्रोफिल. टक. न्यूट्रोफिल.
लिम्फोसाइट. पुन्हा न्यूट्रोफिल,
चुरगाळून खिशात कोंबलेल्या बिलासारखं तिचं केंद्रक.
रक्तातलं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं,
त्यात हाक आली तर शिरेच्या भिंतीला घासत,
फटीतून अंग चोरून
बाहेर, मांसात, परत न येण्यासाठी.
तोच पू. ज्याला आपण शी म्हणतो.

खंबाटा मॅडम निवृत्तीच्या आदल्या वर्षी सांगत होत्या,
डब्यातला पात्रा मोडता मोडता:
यातली एखादी स्वतःलाच उसवते, सुरेखा.
पोटातला धागा, आईबापानं दिलेला तोच,
बाहेर फेकते. जाळं होतं.
जंतू अडकतात, बिंबिका अडकतात, गुठळी घट्ट होते.
आपल्या या दुर्बिणीतून नाय दिसायचं.
तेव्हापासून मी बघते आहे.
नाय दिसलं.

पण बावीस नंबरचा मुलगा दिसतो.
मांडीचं हाड मोडून सहा आठवडे आडवा.
तेच जाळं, नको त्या शिरेत,
पायातून सुटलं आणि फुफ्फुसात जाऊन बसलं.
सकाळी त्याचा रिपोर्ट मीच पाठवला होता,
सगळे आकडे हद्दीत.

ह्यांचा तळवा तिसऱ्या आठवड्यातही ओला.
साखर दोनशे नव्वद.
मोनोसाइट सहा. रक्तात इतक्याच भेटतात.
मांसात शिरल्या की त्यांचं नाव बदलतं,
सासरी गेल्यासारखं.
तिथे आधी मेलेल्यांना गिळायचं,
जंतू, कचरा, गंजाचे कण, जे असेल ते,
मग एक दिवस राग सोडून
विणकरांना हाका मारायच्या: या, आता भरा.
साखरेत ती वेळ येत नाही.
भांडण संपलंय हे त्यांना कुणी सांगतच नाही,
त्या आपल्या भांडत राहतात
रिकाम्या घरात.

मी इन्सुलिन टोचायला शिकले. टोचतेच की रोज, दुसऱ्यांना.
ह्यांनी पोटाकडे न बघता शर्ट वर धरला.
चहातली साखर गेली, मग चहाच गेला,
मग आठवडाभर आमचं बोलणं.

अठ्ठेचाळीसाव्या दिवशी पट्टी कोरडी निघाली.
मधोमध गुलाबी, चकचकीत पट्टा,
रस्ता खणून बुजवल्यावर डांबर वेगळं दिसतं तसा.
हातावरची एक रेष त्याच्यापाशी येऊन थांबते,
पलीकडे पुन्हा सुरू होते, जरा खाली.
इथे चावी धरली की गार लागत नाही, हे म्हणाले.
आणि मग, मुठीची उघडझाप करत:
किती लागल्या गं तुझ्या त्या?

शंभरावर यंत्राची घंटी वाजते.
त्यापुढे मी कधी मोजलेलं नाही.