तीन दिवस पुसायचं नाही

रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठली
अन् लाइट लावला, तर ओट्यावर सभा भरलेली.
शेगडीखाली, मिक्सरच्या वायरीवर,
एक तर माझ्या चष्म्याच्या काडीवर,
मिशा हलवत असा पाहून राहिला होता
जसं काही भाडं थकवलं ते मीच.
पत्ता लिहिताना आम्ही नंदनवन लिहितो.

खडू ओढून झाला होता.
सिंकभोवती, उंबरठ्यावर, पांढऱ्या रेघा,
शाळेच्या मैदानात आखतात तशा.
त्यांनी त्यावर शर्यती लावल्या.
मग बोरिक पावडर, कणीक, साखर,
परातेकाकू म्हणाल्या, थोडा कांदाही किस.
किसला.
दुधात मळून गोळ्या वळल्या
आणि नैवेद्य ठेवावा तशा कोपऱ्याकोपऱ्यात मांडल्या.
दोन मेली.
बाकीच्यांनी बाळसं धरलं.

नवतपा लागलेला. शेचाळीस.
कूलरच्या ओल्या ताट्यांत त्यांचा चिखलदरा.

शेवटी सहारेंचा प्रज्वल आला, मानेवाड्याहून,
पाठीवर कॉलेजचं दप्तर, दप्तरात इंजेक्शनसारखी नळी.
"ताई, सगळं बाहेर काढा जी."
सगळं म्हणजे किती, ते काढताना कळलं.
झाकण नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं,
मेडिकलच्या वॉर्डाचा पास, कोपरे कुरतडलेला,
तुरीच्या डाळीचा डबा, त्यावर बाबांची चिठ्ठी,
गोदामातल्या पोत्यांवर लिहायचे त्याच अक्षरात:
जुनी. आधी वापरणे.
आणि डब्यामागे, पेपरात गुंडाळलेल्या,
सकाळच्या, दुपारच्या, झोपण्याआधीच्या
त्यांच्या गोळ्या.
"घेतल्या का?" मी रोज विचारायची.
"हो ना, केव्हाच."

प्रज्वल बिजागऱ्यांत थेंब ठेवत गेला,
मुंगीच्या डोक्याएवढा एकेक. तपकिरी. गोड असते म्हणे.
"हे खाऊन जागेवर नाही मरत, ताई.
घरी जाते. घरी जाऊन मरते.
मग घरचे त्याले खाते, अन् तेबी मरते."
एवढं बोलून त्याने बाहीला घाम पुसला,
पाणी मागितलं.
मी ग्लास आधी उलटा करून झटकला, मग भरला.
जाताना दारातून म्हणाला,
"तीन दिवस पुसायचं नाही. फिनाइल नाही, ओलं फडकं नाही.
पुसलं तर पैसे पाण्यात."

बाबांनाही मेडिकलमधून घरी आणलं होतं,
मागच्या एप्रिलात.
डॉक्टर नीट बोलले नाहीत, नुसते म्हणाले, घरी न्या.
तेव्हापासून मी पुसूनच राहिली आहे.
फरशी, ओटा, खाटेच्या पायांखालची जागा,
खाट देऊन टाकली तरी ती जागा.

पहिल्या दिवशी हात दहादा फडक्याकडे गेला.
फडकं घडी करून देवघराच्या वर ठेवलं,
हात पोचू नये असं.
कपाचा गोल डाग ओट्यावर पडला, पडू दिला.

दुसऱ्या दिवशी ती दिवसाढवळ्या निघाली,
झिंगलेली, रस्ता विसरलेली,
मधेच उताणी होऊन पाय चालवत.
मोजायचं काही कारण नव्हतं.
एकोणीसपर्यंत मोजली, मग सुपलीत भरली.
एकाच्या मिशा बराच वेळ हलत होत्या.
मी तिथेच बसून राहिली, का ते माहीत नाही,
कुकरच्या शिट्ट्याही चुकल्या.

तिसऱ्या रात्री पुन्हा दीडला जाग आली.
लाइट लावला.
ओट्यावर कोणी नव्हतं.
कूलरच्या पंपाचा आवाज, तेवढाच.
चहाचे डाग आता चार झालेले,
एकात एक अडकलेले.
गोळ्यांची पुडी तिथेच होती. प्रज्वलने विचारलं होतं,
"हे टाकायचं?" मी नाही म्हटलं होतं.

उद्यापासून पुसायला हरकत नाही.
मी डाळीचा डबा उघडून वास घेतला.
दोन मुठी काढून भिजत घातल्या.