तण : निरंक

रुवैसच्या कॉलनीत माझ्याकडे
एकशे बारा बंगल्यांची हिरवळ आहे.
गवत पास्पॅलमचं. खारं पाणी सोसतं,
बूट सोसतं, पन्नास डिग्री सोसतं,
फक्त शेजारी सोसत नाही.

म्हणून मी. राहुरीचा बीएस्सी ॲग्री,
पहाटे साडेचारला गुडघ्यांवर,
हातात गावाहून आणलेलं खुरपं.
विमानतळावर त्याच्यासाठी दोनदा थांबवलं होतं.

लव्हाळा आधी.
ओढला की तुटतो, तुटला की फावतं त्याचं.
खाली गाठ, गाठीखाली दुसरी,
आणि वर निरागस तीन पाती.

मग पाथरी. रात्रीत पिवळी होते,
उन्हं चढेतो म्हातारी होऊन
पुढच्या बंगल्यात उडून जाते.
तोफज्जल तिच्यावर फवारा मारतो
तोंड वळवून.
तो सुनामगंजचा. तिकडे म्हणे सहा महिने शेतात होडी चालते,
तण कुठलं ठेवायचं ते पाणीच ठरवतं.

आणि हरळी.
ती माझ्या वहीत तण आहे.
भाद्रपद लागला की चाळीस नंबरच्या दाबकेबाई फोन करतात,
"वाघचौरे, एकवीस जुड्या. कोवळ्या बघा, तीन पानांच्या."
त्या दिवशीही तेच उपटतो,
पण हात धुऊन.
एकदा त्यांनी विचारलं, पाणी कुठलं घालता हो याला?
जांभळ्या पाइपातलं,
अख्ख्या कॉलनीच्या मोऱ्या-संडासातून जाऊन
गाळून परत आलेलं,
हे कसं सांगायचं?
म्हणालो, सरकारी.

जांभळ्या पाइपावरचं काही खायचं नाही,
तशी पाटीच आहे, तीन भाषांत.
आणि नेमकी त्याच पाण्यावर घोळ माजते.
लाल देठाची, जाड पानांची,
आई ताकातली करायची अगदी तशी.
तण खाई धन, म्हणायचे वडील. इथे धन कंपनीचं.
मी घोळ पोत्यात भरतो, तोंड बांधतो,
ट्रकवर टाकतो.

एकाहत्तर नंबरच्या मागे मात्र
एसीचं पाणी ठिबकतं.
नुसत्या हवेतून पिळून निघालेलं, कुणीच न वापरलेलं.
तिथे फरशीच्या फटीतून घोळ वर आलीय,
आणि तिथे माझं खुरपं
दर गुरुवारी चुकतं.

परवा चाकू घेऊन गेलो
तर माझ्याआधी कुणीतरी येऊन गेलेलं.
शेंडे तेवढे कापलेले, मुळं जागच्या जागी,
पुढच्या खेपेची सोय ठेवून.
कापल्या जागी अजून ओल होती.
उरलेलं अर्धं मी घेतलं.
मग थांबून, त्यातलं थोडं राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुट्टीत
पंप-खोलीच्या सावलीला बसलो.
तोफज्जलने डबा उघडला
माझ्याकडे पाठ करून.
मीही.
लसणाचा वास एकाच डब्याचा वाटला नाही.

संध्याकाळी रजिस्टर.
बंगला एकाहत्तर, मागची बाजू.
तण : निरंक.
खाली माझी सही,
तिच्याखाली त्याचा अंगठा नाही, सहीच,
बंगालीत,
शेवटचं अक्षर वेलीसारखं
रकान्याबाहेर गेलेलं.