उघडण्याचा दर

सेंट्रल अव्हेन्यूवर पंपांच्या दुकानावर जी खोली आहे
तिथे मी पत्रं राखतो.
लिहीत नाही. लिहितो भिवगडेंचा पुतण्या:
‘वाळ्याच्या ताट्या बदलल्या का? यंदा बावीस टक्के सूट.’
मी फक्त पाहतो, कोणी उघडलं.

पाहतो म्हणजे, मी झोपतो. पाहतं यंत्र.
प्रत्येक ईमेलच्या पोटात एक ठिपका असतो,
पांढऱ्यावर पांढरा, तिळाहून बारीक.
पत्र उघडलं की तो आमच्याकडे चुगली करतो.
दर अठरा टक्क्यांखाली गेला, की माझा फोन एकदा थरथरतो.
परत आलेली पत्रं शंभरात दोनावर गेली, की दोनदा.
कोणी ‘हे नको’वर बोट ठेवलं
तर नुसती एक ओळ येते, आवाज नसतो.
हे नियम मीच लिहिले, माघात.
तेव्हा थंडी होती.

मे महिन्यात कळलं, आलेख पाऱ्याचं ऐकतो.
सेहेचाळीसला शहर दारं लावून घेतं,
आणि दर खाली बसतो,
टेम्पोच्या सावलीतल्या कुत्र्यासारखा.
रात्री दोनला उठतो.
लोक गच्चीवर सतरंज्या टाकून पडलेले, वारा नाही,
हलतो तो अंगठाच.
दिघोरीत कोणी, गिट्टीखदानात कोणी,
तोंडावर उजेड घेऊन कूलरची जाहिरात वाचतं.
भिवगडे म्हणतात, मोहीम जमली.
मी म्हणतो, हो.
झोप येत नाही, याला तक्त्यात रकाना नाही.

एक पत्ता मात्र ऋतू पाळत नसे.
यादीत सगळ्यात वर, मी चाचणीसाठी टाकलेला,
आईचा.
खातं मीच काढून दिलं, पासवर्डही मीच ठेवला,
पत्र नीट पोचतं का एवढंच पाहायला.
पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव जायचं,
‘सुगत, भिवगडे कूलर्सकडून’,
आणि ती प्रत्येक उघडायची.
चार मिनिटांच्या आत. कधी तीनदा.
दिवाळीचं तर अकरा वेळा.
अशानं सरासरी बिघडते.
मी तिला हिशेबातून वगळलं,
एका ओळीचा नियम.

मानेवाडा इथून सात किलोमीटर आहे.

आज फोन थरथरला नाही.
पंप कोरडा खरखरत होता म्हणून मी उठलो, दोन चाळीसला,
आणि बादली शोधता शोधता सवयीनं पाहिलं,
आवाज नसलेली ती ओळ:
सदस्यत्व रद्द, एक.
जाताना आम्ही कारण विचारतो, चार पर्याय देतो.
फार पत्रं येतात. कामाची नसतात.
मी नोंदणी केलीच नव्हती. इतर.
तिनं ‘इतर’ निवडलं होतं.
चौकटीत लिहिलं होतं, बोलून लिहिलं असावं,
पूर्णविराम नव्हता कुठेच:

‘बाबू कूलर तं मागच्याच साली घेतला न
तू रोज चिठ्ठी धाडते अन् त्यात तुझं काहीच नसते
आता फोन कर’

खाली यंत्राचा शेरा.
तीव्रता: कमी. कृती: आवश्यक नाही.
तोही मीच लिहून ठेवलेला.

या वेळी फोन वाजला तर
तिला वाटेल कोणी गेलं.
मी टाकीत बादली ओततो, आणखी एक ओततो.
पंप थोडा खोकतो, मग पाणी धरतो,
ताट्या वरून काळ्या होत खाली येतात,
वाळ्याचा वास सुटतो.
शर्ट काढून मी तसाच समोर बसतो.

तिच्याकडे नळ सव्वापाचला येतो, तेव्हा ती उठलेली असते.
हे मला ठिपक्याशिवाय माहीत आहे.
निदान तीन वर्षांपूर्वी तरी
सव्वापाचलाच यायचा.