वाफसा

फेब्रुवारीत त्सेसिसच्या आमच्या टपालघराला बियांचा वास येतो.
बाहेर गुडघाभर बर्फ,
आणि काउंटरवर विझमा पिशवी उपडी करते :
राखाडी वाटाणे, काळसर टोमॅटो,
सासूच्या माहेराहून आलेला ठिपक्यांचा घेवडा.
मी शिक्के मारते. बेर्गेन, टार्टू, लिंझ.
तिची वर्षाची कमाई सहा आठवड्यांत होते,
उरलेलं वर्ष माती खाते.

अकरा तारखेला पिशवी तशीच खांद्यावर,
फोन माझ्यापुढे धरून उभी राहिली.
आपल्या खात्यात नेहमीपेक्षा वेगळी हालचाल आढळली.
अकरा हजार आठशे चाळीस युरो
एकशे ऐंशी दिवस राखून ठेवत आहोत,
आपल्याच सुरक्षिततेसाठी.
"वेगळी हालचाल," विझमा म्हणाली,
"म्हणजे वसंत."

मग कागद सुरू झाले.
ओळखपत्र दिलं. विजेचं बिल दिलं.
प्रत्येक पाकिटाचा माग हवा होता, तो मी छापून दिला,
एकोणीस पानं, सरकारी शाईत.
मग म्हणाले, पुरवठादाराची पावती जोडा.
तिनं गमबूट चढवले, बर्फ उपसला
आणि वीतभर काळ्या मातीचा फोटो जोडला.
उत्तर आलं : चित्र अस्पष्ट आहे.

सही रोज निराळी. डेस्मंड. प्रिसिला. पुढे नुसतंच 'आम्ही'.
सगळे फार दिलगीर होते.
इतकी दिलगिरी आमच्याकडे
मयताच्या घरीसुद्धा कुणी दाखवत नाही.

गंमत अशी, की उलट्या दिशेला पैसे धावत होते.
गिऱ्हाइकाला परत करायचेत? एक बोट, एक क्षण.
तेव्हा विझमानं ठरवलं, सगळ्यांना परत करायचे
आणि प्रत्येकाला लिहायचं :
बियाणं तुमच्याकडे पोचलंय, जमलं तर थेट बँकेत भरा.
पहिले चाळीस जण झाले.
एकतिसांनी आठवड्यात भरले,
लिंझच्या एका निवृत्त ट्रामचालकानं वर दोन युरो.
नऊ जण गप्प. त्यांची नावं तिनं मला सांगितली नाहीत.
पाकिटं माझ्याच हातून गेलीत, मला पाठ आहेत.

एकेचाळिसाव्याला खातंच बंद.
कारण : परताव्यांचं प्रमाण संशयास्पद.

टपालखर्च उधार ठेवता येत नाही, असा नियम आहे.
माझ्या खणात एक वही आहे,
तिच्याबद्दल नियम काही बोलत नाही.
राहिलेली पाकिटं मार्चभर जात राहिली,
मी पर्समधून भरलं, वहीत आकडे मांडले
आणि नवऱ्याला सांगितलं, चष्मा महागात पडला.

एप्रिल सरता सरता मातीला वाफसा आला.
वाफसा कुणाच्या कामकाजाच्या दिवसांसाठी थांबत नाही.
ट्रॅक्टरवाल्या युरिसला आगाऊ पैसे हवे होते,
काचघराच्या दोन काचा जानेवारीतच फुटलेल्या.
अर्धं रान तिनं पडीक सोडलं,
अर्धं फावड्यानं.
रविवारी मीही गेले. बोटानं खळगा, बी, टाचेनं दाब.
म्हटलं, हीसुद्धा अडवूनच ठेवते की गं, माती.
"ठेवते," विझमा म्हणाली, "पण विजेचं बिल मागत नाही."

दहा ऑगस्टला यायचे ते चौदाला आले.
छत्तीस युरो कमी. का, हे विचारायला
तिच्याकडे आता कुणाचं नाव नव्हतं.
शेंगा सोलून हिरवी झालेली नखं,
तिनं मोजून ठेवले : दोनशे चौदा युरो, साठ सेंट.
साठ सेंट मी मागे सारले.
तिनं पुढे सारले.
रांगेतला म्हातारा खाकरला.
मी पान फाडलं, आणि सवयीनं तोंडून गेलं,
पावती हवी का?
विझमा अशी हसली, की म्हाताराही कारण नसता हसू लागला.
मग डोळे पुसत म्हणाली,
"दे बाई. कोण कधी मागेल, सांगता येत नाही."